पदरमोड आणि पत

निर्मळच्या तीर्थापासून पापडीच्या बाजारापर्यंत पसरलेल्या वसईच्या पश्चिम पट्ट्यात, केळी, पानवेली, भाजीपाला आणि फुलझाडे यांच्या वाड्यांनी वेढलेले गिरीज हे गाव ज्या टेकडीच्या आश्रयाने वसले आहे, ती हिराडोंगरी, म्हणजेच वज्रगड, इतिहासाच्या अभ्यासकांस १७३९ च्या वसई मोहिमेमुळे परिचित असून, तिच्या माथ्यावरील दत्तमंदिरामुळे ती भाविकांसही तितकीच जवळची आहे. या टेकडीवरून दक्षिणेस जो वसईचा किल्ला आहे, त्याच्या भग्न चर्चांच्या कमानी गेली कित्येक दशके चित्रपटांच्या पडद्यावर येत आल्या आहेत. पुरातत्त्व खात्याचा परवाना घेऊन मुंबईची मंडळी येतात, दिवे लावतात, नायक-नायिकांना त्या कमानींखालून चालवतात आणि सायंकाळी निघून जातात. कोल्डप्ले या इंग्रज वाद्यवृंदाच्या एका गीताच्या, २०१६ मध्ये प्रकाशित झालेल्या चित्रफितीचे काही चित्रणही या परिसरात झाले आणि वसईच्या भिंती जगभर दिसल्या. अलीकडे नायगावच्या पूर्वेस दूरचित्रवाणीच्या मालिकांचे सेट उभे राहिले आहेत. अशा रीतीने ही भूमी दुसऱ्यांच्या कथांची पार्श्वभूमी फार काळ होत आली. तिची स्वतःची कथा सांगणारा चित्रकर्ता तिच्याच एखाद्या वाडीतून उठावा, ही आकांक्षा आज येथील पुष्कळ तरुणांच्या मनात आहे. आणि ती ज्यांच्या मनात आहे, त्यांनी आपल्या आधी या वाटेने गेलेल्यांचा जमाखर्च एकदा डोळ्यांखालून घालावा, या हेतूने हा लेख लिहिला आहे.

या आकांक्षेस भूगोलाचे पाठबळ पूर्वीपासून आहे. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत पहिली उपनगरी गाडी धावली, तिच्या मार्गावर वसई होती. आणि पुढे याच लोहमार्गाच्या काठाने, दादरपासून अंधेरी, गोरेगाव, मालाडपर्यंत, हिंदुस्थानच्या चित्रपटव्यवसायाची वसाहत झाली. मालाडची बॉम्बे टॉकीज १९३४ ची, गोरेगावचे फिल्मिस्तान १९४३ चे, आणि शासनाची चित्रनगरी १९७७ ची. तेव्हा वसईच्या मुलाला चित्रपटाच्या कारखान्यापर्यंत पोहोचायला अडचण कधीच नव्हती. पहाटेच्या गाडीने भाजी आणि फुले जेथे जात, तेथे तोही जाऊ शकत होता. परंतु कारखान्यात रोजावर काम मिळणे आणि स्वतःच्या बुद्धीचा चित्रपट स्वतःच्या जबाबदारीवर निर्माण करणे, या दोहोंत फार अंतर आहे. पहिल्यास नोकरी पुरते. दुसऱ्यास भांडवल लागते, आणि भांडवल म्हटले की ते कोणाचे, कोणत्या अटींवर आणि कशाच्या तारणावर, हे प्रश्न ओघानेच येतात. मराठी माणसाने काढलेल्या स्वतंत्र चित्रपटांचा इतिहास या तीन प्रश्नांच्या उत्तरांतून जितका स्पष्ट दिसतो, तितका तो नटनट्यांच्या चरित्रांतून दिसत नाही.

या इतिहासाचे पहिले पान अर्थातच धुंडिराज गोविंद फाळके यांचे. १८७० मध्ये त्र्यंबकेश्वरी जन्मलेला हा पुरुष मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकला, छायाचित्रणाचा व्यवसाय केला, पुरातत्त्व खात्यात नोकरी केली, आणि मुद्रणाच्या धंद्यात शिरून तेथे भागीदारांशी मतभेद होताच रिकाम्या हाताने बाहेर पडला. चाळिशी उलटलेली, उत्पन्नाचे साधन हातचे गेलेले, अशा अवस्थेत १९११ च्या सुमारास गिरगावातील एका चित्रगृहात त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरील मूकपट पाहिला, आणि पडद्यावर येशूचे चरित्र हलताना पाहत असता त्यांच्या अंतःचक्षूंपुढे राम आणि कृष्ण हलू लागले. ज्या वसईत ख्रिस्ताचे चरित्र घराघरांत मराठीतून सांगितले जाते आणि शेजारच्या आळीत रामनवमीचा उत्सव होतो, त्या वसईतील वाचकास या प्रसंगाचे मर्म वेगळे समजावून सांगावे लागणार नाही: दुसऱ्याची भक्ती पाहून आपली भक्ती मूर्त करण्याची प्रेरणा मिळणे, हे येथे नित्याचे आहे. परंतु प्रेरणेने कच्ची फिल्म विकत मिळत नाही. फाळक्यांनी आपल्या विम्याचे बारा हजारांचे करार गहाण टाकून दहा हजारांचे कर्ज उभे केले आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये ते विलायतेस निघाले. तेथे 'बायोस्कोप' साप्ताहिकाच्या संपादकाने प्रथम त्यांना या नादापासून परावृत्त करण्याचा प्रयत्न केला. पण त्यांचा निर्धार पाहून त्याच गृहस्थाने सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओचे दार त्यांना उघडून दिले. थोड्याच आठवड्यांत पाहता येईल ते सारे पाहून, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणि फिल्मला भोके पाडण्याचे यंत्र यांची मागणी नोंदवून, ते एप्रिलमध्ये परतले.

यानंतरचा प्रसंग जरा जवळून पाहण्यासारखा आहे. यंत्रे आली, पण चित्रपट काढण्यास पैसा उरला नव्हता, आणि हलते चित्र हिंदुस्थानात निर्माण होऊ शकते यावर विश्वास ठेवणारा सावकार मुंबईत नव्हता. तेव्हा फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा तिच्यासमोर स्थिर केला, आणि रोज फक्त एक चौकट या हिशेबाने महिनाभराहून अधिक काळ त्या बीजाचे चित्रण केले. माती फुगते, तिला भेग जाते, वाकलेला कोंब मान वर काढतो, द्विदल उघडते, वेल आधाराला तंतू टाकते, आणि हे सारे पाहणाऱ्याच्या डोळ्यांसमोर मिनिटभरात घडून जाते. 'अंकुराची वाढ' या नावाने त्यांनी हा तुकडा निवडक लोकांना दाखविला आणि छायाचित्रणसाहित्याचे व्यापारी यशवंतराव नाडकर्णी यांच्यासारख्यांनी कर्ज देण्याची तयारी दर्शविली. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही, की त्या क्षणी फाळक्यांपाशी तारण म्हणून ना जमीन होती, ना घर होते. त्यांनी तारण म्हणून आपली विद्या ठेवली, आणि तीही शब्दांनी न वर्णिता पडद्यावर सिद्ध करून ठेवली. ज्याला चित्रपट काढावयाचा आहे त्याने आधी एक लहानसा पण निर्दोष तुकडा स्वतःच्या हाताने करून दाखवावा, हा आज प्रत्येक चित्रशाळेत सांगितला जाणारा नियम मराठी चित्रपटाच्या जन्माआधीच एका कुंडीत सिद्ध झाला होता. वाडीत रोप तयार करणाऱ्या शेतकऱ्यालाही पहिले कर्ज असेच मिळत आले आहे. देणारा आधी त्याचा वाफा पाहतो.

पुढे दादरच्या घरात जे घडले, ते केवळ फाळक्यांच्या नावावर जमा करणे अन्यायाचे होईल. फिल्म त्या काळी कडांना भोके न पाडलेली येत असे. ती अंधारात, बोटांच्या स्पर्शावर विसंबून, यंत्रात सरळ सरकवून भोके पाडावी लागत, आणि एक भोक तसूभर सरकले तर पडद्यावरील चित्र थरथरे. हे काम सरस्वतीबाई फाळके यांनी शिकून घेतले. चित्रपटासाठी त्यांनी आपले दागिने दिले, मंडळींचा स्वयंपाक रांधला, आणि रात्री फिल्म धुण्याच्या कामातही हात दिला. स्त्रीपात्रासाठी स्त्री मिळेना, तेव्हा उपाहारगृहात काम करणारा अण्णा साळुंके तारामती झाला. रोहिदासाच्या भूमिकेत घरचाच मुलगा भालचंद्र उभा राहिला. चित्रपटात काम करणे लोकांस लज्जास्पद वाटत असल्यामुळे, विचारणाऱ्यास 'हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहे' असे सांगण्याची शिकवण फाळक्यांनी आपल्या मंडळींना दिली होती. बाह्यचित्रणासाठी मंडळी वांगणीस गेली असता, लाकडी तलवारी आणि ढाली पाहून गावकऱ्यांस दरोडेखोरांचा संशय आला, पोलीस पाटलाने वर्दी दिली, फौजदाराने सर्वांस अटकेत घेतले, आणि फाळक्यांनी तेथे पोहोचून, कॅमेऱ्यात फिल्म न घालताच एक प्रवेश चित्रित करून दाखविला तेव्हा सुटका झाली. अशा कष्टांनी तयार झालेला सुमारे ३,७०० फुटांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन चित्रगृहात लोकांपुढे आला.

या यशानंतर फाळक्यांनी कारखाना नाशिकला नेला, 'लंकादहन' काढून १९१७ मध्ये द्रव्य आणि कीर्ती दोन्ही मिळविली, आणि मग १९१८ मध्ये मुंबईच्या कापड-व्यवसायातील धनिकांशी भागीदारी करून हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी स्थापन केली. येथून त्यांच्या आयुष्याचा उतार सुरू होतो. भांडवल विपुल आले, पण त्याच्याबरोबर हिशेब मागणारे हातही आले. खर्चावर, कामाच्या पद्धतीवर, माणसांच्या नेमणुकीवर वाद होऊ लागले, आणि अल्पावधीतच फाळके उद्विग्न होऊन काशीस निघून गेले. काही वर्षांनी ते परतले, चित्रे काढीत राहिले, १९३७ मध्ये कोल्हापूरसाठी 'गंगावतरण' हा बोलपट केला, आणि १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकमध्ये, जवळजवळ विस्मृतीत, त्यांचा अंत झाला. धनिकांचे वर्तन दुष्टपणाचे होते असे म्हणण्यास आधार नाही. त्यांनी आपल्या पैशाचा हिशेब मागितला, आणि तो त्यांचा हक्क होता. परंतु विम्याच्या कराराने आणि पत्नीच्या दागिन्यांनी ज्या माणसाला गुलाम केले नाही, त्याला विपुल भांडवलाने परतंत्र केले, ही गोष्ट पुढील प्रत्येक पिढीने मनाशी बांधून ठेवण्याजोगी आहे.

फाळक्यांची कंपनी स्थापन होत होती त्याच सुमारास कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांची महाराष्ट्र फिल्म कंपनी आकार घेत होती. नाटकांचे पडदे रंगविणारा हा कलावंत यंत्रविद्या कोणत्याही शाळेत शिकला नव्हता. त्याने आणि त्याच्या बंधूने जुने प्रक्षेपणयंत्र उलगडून त्याची रचना समजून घेतली, आणि बंधूच्या निधनानंतर दामले यांच्यासारख्या कुशल सहकाऱ्याच्या साहाय्याने कॅमेरा स्वतः घडविला. भांडवलाचा प्रश्न गायिका तानीबाई कागलकर यांनी दिलेल्या पैशाने सुटला. १९२० मध्ये 'सैरंध्री' प्रकाशित झाला आणि त्यात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या. पुढे १९२५ मध्ये याच कंपनीने 'सावकारी पाश' काढला: नारायण हरी आपटे यांच्या कथेवरील या चित्रात सावकाराच्या कागदात अडकलेला शेतकरी जमीन गमावतो आणि गिरणीच्या मजुरीस शहरात जातो, ती भूमिका तरुण व्ही. शांताराम यांनी केली होती. देवादिकांच्या कथांनी भरलेल्या त्या काळात आपल्या अवतीभवतीचे दुःख पडद्यावर आणण्याचे धैर्य ज्या कंपनीने दाखविले, ती स्वतः उसन्या भांडवलावर जगत होती, हे विसरता येत नाही.

आणि येथे वसईचा स्वतंत्र धागा या इतिहासात येऊन मिळतो. १९१८ याच वर्षी, गिरिजेपासून हाकेच्या अंतरावर असलेल्या पापडीत, मॉन्सिन्योर पी. जे. मोनीस या धर्मगुरूंच्या पुढाकाराने एक सहकारी पतपेढी निघाली, जी आज बॅसीन कॅथॉलिक को-ऑपरेटिव्ह बँक म्हणून सर्वश्रुत आहे. तिच्या स्थापनेमागचा हेतू अगदी साधा होता: वाडीचे उत्पन्न हंगामी, गरज मात्र बारमाही, आणि या दोहोंच्या मधल्या फटीत सावकार बसलेला, तेव्हा शेतकऱ्यांनी आपली लहानलहान बचत एकत्र करून एकमेकांच्या जामिनावर एकमेकांस कर्ज द्यावे, म्हणजे जमिनीचा सातबारा परक्याच्या पेटीत जाणार नाही. 'सावकारी पाश' पडद्यावर येण्यापूर्वी सात वर्षे वसईने त्या पाशावरचा उपाय आपल्या गावी सुरू केला होता. वसईच्या शेतकऱ्याने ओळखलेले सत्य, की कर्ज कोणालाच चुकत नाही, पण ते एकाच्या हातात असले तर पाश होते आणि अनेकांच्या हातांत वाटलेले असले तर आधार होते, हे चित्रपटाच्या व्यवसायास फार उशिरा आणि फार थोड्या ठिकाणी उमगले.

कोल्हापुरात ते काही काळ उमगल्यासारखे वाटले होते. १ जून १९२९ रोजी दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर आणि सराफीचा व्यवसाय असलेले सीतारामपंत कुलकर्णी अशा पाच जणांनी प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. यांतील चौघे बाबूराव पेंटरांच्या हाताखाली तयार झालेले कारागीर होते आणि भांडवलदार पाचव्या हिश्शाचा धनी होता. म्हणजे कसब आणि पैसा एकाच पंक्तीस जेवत होते. १९३२ चा 'अयोध्येचा राजा', पुण्यास स्थलांतर झाल्यावर १९३६ चा 'संत तुकाराम' आणि १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात झालेला त्याचा सन्मान, ही त्या पंक्तीची फळे होत. परंतु १९४२ मध्ये शांतारामबापू बाहेर पडले, पुढे दामले निवर्तले, आणि १९५३ च्या सुमारास प्रभातचे काम थांबले. त्याच आवारात १९६० मध्ये भारत सरकारने फिल्म इन्स्टिट्यूट स्थापन केली, आणि ज्या मंडपाखाली कारागिरांनी गुरूच्या हाताखाली राबून कसब मिळविले, तेथे आता अभ्यासक्रम, परीक्षा आणि पदविका आल्या. १९६४ मध्ये शेजारीच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झाले. आणि मुंबईत १९६८ मध्ये स्थापन झालेल्या प्रभात चित्र मंडळाने जगातील उत्तम चित्रे सामान्य वर्गणीदाराला दाखविण्याचे व्रत घेतले.

याच काळात शासन हे चित्रकर्त्याचे नवे आश्रयदाते झाले. १९६० मध्ये स्थापन झालेल्या फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनच्या कर्जामुळे १९६९ मध्ये मृणाल सेन यांचा 'भुवन शोम' होऊ शकला, आणि सरकारी तिजोरीतून कलात्मक चित्रपटास द्रव्य मिळू शकते अशी आशा देशभर पसरली. या आश्रयाची एक विलक्षण पूर्वपीठिका बंगालात आहे. सत्यजित राय यांनी 'पथेर पांचाली' सुरू केला तेव्हा त्यांनीही फाळक्यांप्रमाणेच विम्याचा करार आणि पत्नीचे दागिने यांचा आधार घेतला. तो आटल्यावर पश्चिम बंगाल सरकारने पैसा दिला, आणि चित्रपट या बाबीस दप्तरात शीर्षच नसल्यामुळे तो रस्तेसुधारणेच्या नावे खर्ची पडला. महाराष्ट्र शासनानेही १९७५ च्या सुमारास मराठी चित्रपटावरील करमणूक कर निर्मात्यास परत करण्याची योजना आणली, पुढे अनुदाने आली. परंतु सहकाराच्या अभ्यासकास सर्वांत महत्त्वाचा वाटेल असा प्रयोग १९७६ मध्ये गुजरातेत झाला: श्याम बेनेगल यांच्या 'मंथन' या चित्रपटासाठी तेथील पाच लाख दूध-उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिले, आणि मग गाड्या भरभरून ते आपला चित्रपट पाहण्यास गेले. भांडवल आणि प्रेक्षक एकाच वेळी, एकाच वर्गणीतून निर्माण झाल्याचे याहून स्वच्छ उदाहरण आपल्या देशात नाही.

मराठीतील नवा प्रवाह १९७५ च्या आगेमागे आला, आणि त्याच्या मुळाशी आणखी एक आधार होता, ज्याची चर्चा क्वचितच होते. रामदास फुटाणे यांनी निर्मिलेला, विजय तेंडुलकरांनी लिहिलेला आणि १९७५ च्या बर्लिन महोत्सवात स्पर्धेसाठी गेलेला 'सामना' हा चित्रपट ज्यांनी दिग्दर्शित केला, ते जब्बार पटेल दौंडास वैद्यकीय व्यवसाय करणारे बालरोगतज्ज्ञ होते. त्यातील मास्तर झालेले श्रीराम लागू हे नाक-कान-घशाचे शल्यविशारद होते. हिंदूराव पाटील झालेल्या निळू फुले यांनी पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम केले होते. तेंडुलकरांचे आयुष्य वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत गेले होते. ही सारी मंडळी हौशी आणि प्रायोगिक रंगभूमीवर वर्षानुवर्षे एकत्र राबलेली, एकमेकांची पारख झालेली, आणि मुख्य म्हणजे पोटासाठी चित्रपटावर अवलंबून नसलेली होती. ज्याची चूल दुसऱ्या व्यवसायावर पेटते, तो वाईट काम नाकारू शकतो आणि चांगल्या कामाची वाट पाहू शकतो. या उद्योगात प्रतिभेहूनही दुर्मीळ असा जो गुण, तो हा नकाराचा अधिकार. आणि तो देणारी दुसरी उपजीविका हीन मानण्याचे काही कारण नाही.

सुमित्रा भावे यांची वाटचाल या संदर्भात मननीय आहे. त्या मूळच्या समाजशास्त्राच्या अभ्यासक. स्त्रियांच्या जीवनावरील संशोधन ज्यांच्याविषयी आहे त्यांच्यापर्यंत पोहोचावे, म्हणून त्यांनी १९८५ मध्ये 'बाई' हा लघुपट केला, आणि त्यास राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे फिल्म इन्स्टिट्यूटमधून आलेल्या सुनील सुकथनकर यांच्यासह त्यांनी 'दोघी', 'वास्तुपुरुष', 'देवराई', 'अस्तु' असे चित्रपट तीन दशके सातत्याने काढले, आणि 'कासव' या चित्रपटास २०१६ चे सुवर्णकमळ प्राप्त झाले. विषय अभ्यासातून आलेले, खर्च आटोपशीर, सहकारी तेच, अशी ही कार्यपद्धती होती. याच शतकाच्या आरंभी संदीप सावंत यांच्या 'श्वास'ने, ज्यात आजोबांची भूमिका करणारे अरुण नलावडे निर्मात्यांपैकीही एक होते, राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळविले, आणि ऑस्करसाठी त्याची पाठवणी झाली तेव्हा प्रवासखर्चासाठी महाराष्ट्रात लोकवर्गणी उभी राहिली. शाळकरी मुलांनीही तीत भर घातली. पदरमोड येथवर आली की ती एका घराची राहत नाही, समाजाची होते.

गेल्या पंधरा-वीस वर्षांत यंत्रे स्वस्त झाली, फिल्मचे रीळ गेले, आणि जेऊरसारख्या गावातून आलेल्या नागराज मंजुळे यांनी अहमदनगरच्या महाविद्यालयात संज्ञापनशास्त्र शिकून केलेल्या 'पिस्तुल्या' या लघुपटास राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यानंतर २०१३ मध्ये 'फँड्री' आला. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'ची कथा तर फाळक्यांच्या कुंडीपासून फार दूरची नाही: नट विवेक गोम्बर यांनी निर्मितीचा भार स्वतः उचलला, लेखनाच्या काळात दिग्दर्शकाच्या चरितार्थाची तजवीज केली, बहुतेक भूमिकांत अनुभवी नटांऐवजी नित्याची माणसे उभी राहिली, आणि २०१४ मध्ये व्हेनिसला त्या चित्रास दोन सन्मान मिळाले. अंतर्गत सजावटीचे शिक्षण घेतलेल्या आणि चित्रपटकला स्वतःच शिकलेल्या रोहन कानवडे यांच्या 'साबर बोंडं'ला २०२५ मध्ये अमेरिकेतील सनडान्स महोत्सवात जागतिक विभागाचा सर्वोच्च पुरस्कार लाभला. या सर्वांनी गाव, बोली आणि अनुभव सोडून परक्या कथेचा पाठलाग केला नाही. मात्र यंत्र स्वस्त झाले म्हणून चित्रपट स्वस्त झाला असे कोणी समजू नये. माणसांचा वेळ, प्रवास, ध्वनीचे संस्करण आणि मुख्यतः चित्रगृह मिळविणे, हे आजही तितकेच महाग आहे, आणि प्राइम टाइमला मराठी चित्र दाखविण्याचा शासनाचा आग्रहही लहान निर्मात्यास दुसऱ्या आठवड्यापर्यंत क्वचितच नेतो.

या शंभराहून अधिक वर्षांच्या हिशेबातून गिरिजेच्या तरुणाने काय घ्यावे? प्रथम, हाताचे कसब: कॅमेरा, ध्वनी, संकलन यांपैकी किमान एक काम इतके पक्के शिकावे, की त्याच्या बळावर पोटही भरेल आणि आपल्या चित्रपटाच्या वेळी कोणाच्या मेहेरबानीवर थांबावे लागणार नाही. मालिकांच्या सेटवर सहायक म्हणून केलेली दोन वर्षे कमी प्रतीची नाहीत, जर डोळे उघडे ठेवून केली असतील. दुसरे, उपजीविकेचा पर्यायी आधार: वाडी असो, शिक्षकी असो वा विवाहसमारंभाचे चित्रण असो, तो सोडण्याची घाई करू नये. तिसरे, सहकारी मंडळ: एकांकिकेच्या स्पर्धांतून आणि वसईत दरवर्षी होणाऱ्या कला-क्रीडा महोत्सवासारख्या व्यासपीठांवरून ज्यांची पारख झाली, अशा पाच-सात जणांशी आयुष्यभराचे नाते जोडावे, प्रभात आणि 'सामना' दोन्ही अशाच मंडळांतून जन्मले. आणि चौथे, कागद: ज्याने पैसा दिला त्याचा हिस्सा किती, चित्रावरील हक्क कोणाचे, नफा-तोटा कसा वाटावयाचा, हे चित्रणाच्या पहिल्या दिवसापूर्वी लिहून, सह्या करून ठेवावे. मैत्रीत लिखापढी कशाला, असे म्हणणाऱ्यांनी नाशिकच्या कंपनीचा इतिहास स्मरावा.

भांडवलाच्या बाबतीत तर वसईला दुसऱ्या कोणाकडून शिकण्याची गरज नाही. वडिलोपार्जित वाडीचा तुकडा विकून चित्रपट काढण्याचा मोह आज जमिनीच्या वाढलेल्या भावांमुळे प्रबळ आहे. तो निग्रहाने टाळावा, कारण एकदा गेलेली जमीन कोणत्याही पुरस्काराने परत येत नाही, आणि ज्या हिरव्या वसईच्या रक्षणासाठी १९८० च्या दशकाच्या अखेरीस हरित वसई संरक्षण समितीने लोकांना रस्त्यावर आणले, तीच वसई विकून तिची कथा सांगण्यात अर्थ नाही. याउलट, शे-दोनशे घरांनी परवडेल तेवढी लहान रक्कम द्यावी, तिचा हिशेब उघडा ठेवावा, आणि चित्रपट तयार झाल्यावर तो प्रथम गावाच्या सभागृहात, देणाऱ्यांच्या देखत, दाखवावा, हा मार्ग 'मंथन'च्या दूध-उत्पादकांनी आणि पापडीच्या पतपेढीने सिद्ध करून दाखविला आहे. कथांची तर येथे उणीव नाही: सामवेदी आणि वाडवळी बोलींचा गोडवा, टँकरने पळविलेल्या पाण्याची वेदना, सुकेळीच्या, म्हणजे वाळविलेल्या केळ्यांच्या, मोसमातील बायकांचे श्रम, पहाटेच्या गाडीने जाणाऱ्या फुलवाल्या, एकाच आळीत नांदणारे दोन धर्म, यांतील एकही विषय मुंबईच्या कारखान्यास आपणहून सुचणार नाही, आणि सुचला तरी त्याला त्याची बोली येणार नाही.

स्वतंत्र चित्रकर्त्याचे स्वातंत्र्य म्हणजे एकट्याने सारे ओझे वाहणे, असा समज दृढ झाला आहे आणि तो अनेकांच्या संसारांस महाग पडला आहे. इतिहास त्याच्या उलट साक्ष देतो. सरस्वतीबाईंशिवाय फाळके, तानीबाईंशिवाय पेंटर, चार कारागीर आणि एका सराफाशिवाय प्रभात, रंगभूमीच्या मंडळींशिवाय 'सामना', लोकवर्गणीशिवाय 'श्वास'चा तो दूरचा प्रवास, यांपैकी काहीही शक्य झाले नसते. पदरमोड हा आरंभ आहे. ती करावी लागते, आणि ज्याने ती केली नाही त्याच्या ध्यासावर लोकांचा विश्वासही बसत नाही. परंतु चित्रकर्त्याला जन्मभर तारून नेते ती पत, आणि पत ही आपल्या माणसांत, वेळेवर दिलेल्या हिशेबातून आणि पाळलेल्या शब्दांतून, सावकाश मिळवावी लागते. वसईच्या शेतकऱ्याने ती १९१८ मध्ये मिळविण्यास प्रारंभ केला आणि आपली जमीन राखली. त्याच्या नातवंडांनी त्याच पद्धतीने आपली कथा राखावी आणि आपल्या पैशाने, आपल्या बोलीत, आपल्या माणसांसमोर ती प्रथम सांगावी, यासाठी लागणारे सर्व काही या गावांत आज उपलब्ध आहे.